सोमवारी या, एकाच गावात राहा

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची आहेत: थंडी सरता सरता मुलाबाळांना घेऊन गोव्याला यायचंय, पण खर्च आवाक्यात राहील ना? या प्रश्नाचं उत्तर देताना मला आनंद होतो. फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी २८ वर्षं शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं शाळेची सहल माझ्याकडे असायची. चाळीस मुलं, एक बस आणि पालकांनी रुमालाच्या गाठीतून सोडून दिलेले पैसे. त्या सहलींच्या हिशोबाच्या वह्या अजून माझ्या कपाटात आहेत. त्यातून शिकलेलं सगळं तुमच्यासमोर ठेवते.

ताई, नमस्कार. आम्ही सहा जणं. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात यायचा विचार आहे. हाती पस्तीस हजार आहेत. सासरे शाकाहारी, गुडघे दुखतात, त्यांना मंगेशीचं दर्शन हवंय. मुलांना फक्त समुद्र. मागच्या खेपेला कळंगुटला उतरलो आणि रोज टॅक्सीने इकडून तिकडे फिरण्यात निम्मे पैसे गेले. यंदा जमेल का?
— एक आई, डोंबिवली

जमेल, आणि पोटाला चिमटा न घेता जमेल. मागच्या खेपेला पैसे कुठे गेले ते तुम्हीच लिहिलंय. गोव्यात जेवण महाग पडत नाही, फिरणं पडतं. उत्तरेच्या हरमलपासून दक्षिणेच्या पाळोळेपर्यंत रोज एक किनारा असं ठरवलं की दिवस रस्त्यावर जातो, मुलं गाडीत झोपतात आणि संध्याकाळी चालकाच्या हातावर तीन-चार हजार ठेवावे लागतात. म्हणून मुक्काम एकाच गावात करा आणि गाडी फक्त एकाच दिवशी ठरवा.

तुमच्यासाठी मी बाणावली निवडेन, नाहीतर शेजारचं कोलवा. मडगाव स्टेशनपासून दोन्ही जवळ आहेत, मडगावहून दिवसभर बस असतात, किनारा लांबलचक आणि सपाट आहे. सासऱ्यांना वाळूत फार चढ-उतार नाही. घरगुती खोल्याही मिळतात. कोलव्याला पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही आहे, त्यांच्याकडचे दर आधी विचारून ठेवा.

आता वार. रविवारी रात्री निघा, सोमवारी सकाळी पोचा, गुरुवारी संध्याकाळी परत फिरा. शनिवार-रविवारचे पाहुणे रविवारी दुपारी खोल्या सोडतात आणि सोमवारी घरमालक रिकाम्या खोल्यांकडे बघत बसलेला असतो. शुक्रवारी तीन हजार सांगितलेली खोली सोमवारी दोन हजारांत मिळते, हे मी स्वतः नातेवाइकांसाठी खोल्या ठरवताना दरवर्षी पाहते. चौथीतल्या मुलीची शाळा चार दिवस बुडेल. वर्गशिक्षिकेला आधी भेटून सांगा आणि बुडणारा अभ्यास विचारून घ्या. वार्षिक परीक्षेला अजून वेळ असतो, बाई नाही म्हणणार नाहीत. घरात दहावी-बारावीचं मूल असतं तर मात्र मी तुम्हाला या दिवसांत येऊच नका म्हटलं असतं.

दोन तारखा टाळा. एक, १९ फेब्रुवारीची शिवजयंती. महाराष्ट्रात सुट्टी असते आणि तिला जोडून सगळं कोल्हापूर-पुणं इकडे उतरतं. दुसरी, कार्निव्हल. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ सुरू होण्यापूर्वीचे चार दिवस, शनिवार ते मंगळवार. ईस्टरप्रमाणे तारीख दरवर्षी सरकते, म्हणून कॅलेंडरात बघून घ्या. मिरवणूक शनिवारी पणजीत, रविवारी मडगावात, मग वास्को आणि म्हापसा अशी फिरते. एका वर्षी मी तारीख न बघता त्याच शनिवारी चाळीस मुलांना पणजीला घेऊन गेले. बस मांडवीच्या पुलाआधीच तीन तास अडकली, डब्यातला शिरा संपला, दुसरीतली एक मुलगी रडून रडून माझ्या मांडीवर झोपली. त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर मी त्या वर्षीच्या कार्निव्हलच्या तारखा लिहू लागले. कार्निव्हल बघायलाच यायचं असेल तर जरूर या, पण मग खिसा मोठा ठेवून या.

तिकीट. कोकण कन्या रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून निघते, तुम्ही ठाण्याला चढा. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशे वीस नाही. समजा २३ फेब्रुवारीला निघायचंय, तर २५ डिसेंबरला सकाळी आठ वाजता मोबाइल हातात घेऊन बसा. सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोनच प्रवासी असतील तर. सगळ्यांची नावं एकत्र घातलीत की तो कोटा लागत नाही आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सासऱ्यांना मधल्या बर्थवर चढावं लागू शकतं. चार वर्षांच्या मुलाला तिकीट नाही, तो तुमच्याजवळ झोपेल. मुलीला बर्थ हवा तर पूर्ण भाडं. पाच ते बारा वयाला अर्धं भाडं फक्त बर्थ न घेतला तरच. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे, तिच्या भरवशावर हिशोब मांडू नका.

माझ्या वहीच्या पद्धतीने मांडून देते. स्लीपरची पाच तिकिटं जाऊन-येऊन साडेचार हजारांच्या आसपास. दोन खोल्या, तीन रात्री, दोन हजारांप्रमाणे बारा हजार. जेवणखाण चार दिवसांचं आठ हजार. स्टेशन ते बाणावली आणि परत बारा-तेराशे. एका दिवसाची गाडी चार हजार. वरखर्चाला दोन हजार. झाले बत्तीस हजारांच्या आसपास. उरलेले तीन हजार बाजूच्या पाकिटात ठेवा आणि ते उघडू नका, कुणाला ताप आला तर लागतील.

जेवणाचे आठ हजार तुम्हाला कमी वाटतील. सकाळचा नाश्ता खोलीवर करा. सात वाजण्याच्या सुमारास रस्त्यावर भोंगा ऐकू येईल, पों-पों असा. तो पोदेर. सायकलच्या मागे वेताची टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आत गरम पाव. उंडो वरून कडक, आत मऊ. पोई चपटी, कोंड्याची, पोटात पोकळ, तिच्यात लोणी घाला नाहीतर आमलेट. मुलीला पैसे देऊन पाठवा, पोदेराकडून पाव घेणं ही गोव्यातल्या प्रत्येक मुलाची सकाळ असते. दुसऱ्या दिवशी ती भोंग्याच्या आधी फाटकात उभी राहील, माझ्याकडे आलेली सगळी भाचरं राहिली आहेत. भूक जास्त असेल तर नाक्यावरच्या हॉटेलात भाजी-पाव मागा. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून, वर एक मिरची भजी.

दुपारी किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बसू नका, गावात आत या. जिथे बसचे कंडक्टर आणि बँकेतली माणसं जेवतात तिथे जा. थाळीत शीत म्हणजे भात, बांगड्याचं हुमण म्हणजे नारळाची आमटी, एक तळलेला तुकडा, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, सोलकढी. सासऱ्यांसाठी मडगावात उडुपी हॉटेलं आहेत. पण घरमालकीण रांधून देत असेल तर तिला आदल्या दिवशी सांगून मुगागाठी म्हणजे मोडाच्या मुगाची आमटी किंवा अळसांद्यांचं, म्हणजे चवळीचं तोणाक करून घ्या, ताज्या नारळाचा रस असलेलं. गोव्यातलं शाकाहारी जेवण किती समृद्ध आहे हे बाहेरच्या माणसांना कळतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गाडीचा दिवस बुधवार ठेवा. सकाळी आठला निघा, मडगाव, बोरीचा पूल, फोंडा असे या. पहिल्यांदा कवळ्याची शांतादुर्गा, मग म्हार्दोळची म्हाळसा, मग मंगेशी. ऊन चढायच्या आत तिन्ही होतात. म्हार्दोळचं देऊळ रस्त्याला लागूनच आहे, सासऱ्यांना चालावं लागणार नाही. तिथला पितळेचा उंच दीपस्तंभ मुलांना दाखवा, वर बघता बघता मान दुखते. मंगेशीला थोडं चालणं आहे, फुलवाल्यांच्या दोन रांगांमधून. गुडघे, खांदे झाकले जातील असे कपडे घाला. जेवण आटोपून जुन्या गोव्याला जा. तिथल्या बॉम जेझू चर्चची इमारत १६०५ साली पूर्ण झाली, सेंट झेवियरचं शव तिथे आहे. आत गारवा असतो, दुपारी त्यासारखी जागा नाही.

परतताना झुआरीच्या नव्या पुलावरून याल. पूल ओलांडला की कुठ्ठाळी लागतं आणि पुढे वेर्णा. इथे मुलांना जागं ठेवा. सकाळी ज्या मंगेशाचं दर्शन घेतलंत त्याचं मूळ स्थान हे कुठ्ठाळी. म्हाळसेचं मूळ स्थान वेर्णा आणि शांतादुर्गेचं जवळचंच केळशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्याच्या या भागात, देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा माणसांनी आपले देव नदीपलीकडे नेले, कारण फोंड्याचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. मंगेशी कुठ्ठाळीहून हलला तो १५६० साली. माझ्या सहलीतली मुलं हे ऐकून बसच्या खिडकीतून नदीकडे बघत बसायची. एकाने विचारलं होतं, "बाई, रात्री नेले असतील का?" मी म्हटलं, नेले असतील. तुमची मुलगीही विचारेल.

दूधसागरला जाऊ नका. फेब्रुवारीत पाणी आटत आलेलं असतं आणि कुळ्याहून जीपचे पैसे मात्र पुरे द्यावे लागतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गोव्यात ऊन फार असतं का? आणि सहा वर्षांच्या मुलाला समुद्रात उतरवणं सुरक्षित आहे का? आमच्याकडे सगळे भीती घालताहेत.
— नागपूरचे एक वडील

दुपारी पारा एकतीस-बत्तीसच्या घरात जातो, रात्री वीस ते तेवीसपर्यंत उतरतो. नागपूरच्या मानाने हे काहीच नाही. पण इथली हवा दमट असते, घाम सुकत नाही, आणि वाळू दुपारी अनवाणी पायाला सोसवत नाही. म्हणून दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी साडेसात ते दहा समुद्र, मग अंघोळ, जेवण, झोप. साडेचारनंतर पुन्हा समुद्र.

सकाळचाच आग्रह धरण्याचं आणखी एक कारण आहे. या दिवसांत पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि पाणी तळ्यासारखं शांत असतं. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा उठतात. लहान मूल पाण्यात खेळवायचं ते सकाळी.

भीती घालणारे चुकीचे नाहीत, त्यांना फक्त नेमकं सांगता येत नाही. माणूस बुडतो तो बहुतेकदा ओढीमुळे. लाटांनी किनाऱ्यावर चढलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्टीतून जोराने परत आत जातं. बाजूला लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, गढूळ दिसतो. नवख्याला वाटतं, इथे लाटा नाहीत, इथेच उतरावं. तीच जागा घातक. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने पोहत दम घालवू नका. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरका, ती पट्टी संपली की लाटाच तुम्हाला बाहेर आणतात. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा अंघोळीची, लाल झेंडा असेल तिथे घोट्याएवढ्या पाण्यातही मुलाला सोडू नका. सूर्यास्तानंतर कुणीही पाण्यात जायचं नाही. हवेची ट्यूब घालून मुलाला सोडणं तर अजिबात नको, ती वाऱ्यावर आत जाते. पणजीचं मिरामार फिरायला, भेळ खायला चांगलं, पोहायला नाही.

सहलीत माझा एक नियम होता आणि आजही नातवंडांना तोच आहे. मुलाच्या गुडघ्यापर्यंतच पाणी, आणि मोठं माणूस मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभं. किनाऱ्याकडून बघत बसणाऱ्या मोठ्या माणसाचा उपयोग नसतो.

बाणावली-कोलवा पट्ट्यात असाल तर पहाटे रापण ओढताना दिसते का बघा. होडीतून अर्धगोल जाळं टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात, मागे मागे पाऊल टाकत, एकाच लयीत. जाळं जवळ आलं की आधी पाणी चमकायला लागतं, मग तारले, बांगडे उड्या मारू लागतात. दोराला हात लावू का म्हणून विचारलंत तर बहुतेक हो म्हणतात. तुमच्या मुलाच्या तळहाताला दोर घासेल, खारं पाणी झोंबेल, आणि तो ते विसरणार नाही. विचारल्याशिवाय फोटो मात्र काढू नका, ते त्यांचं काम आहे.

मोबाइलवर अंजुनाजवळ तीन खोल्यांचा बंगला अडीच हजारांत दिसतोय. फोटो फार सुंदर. मालक म्हणतो निम्मे पैसे आजच पाठवा, नाहीतर दुसऱ्याला देतो. पाठवू का?
— पिंपरीहून एक वाचक

पाठवू नका. माझ्या भाच्याने अशाच फोटोवर आठ हजार पाठवले. चार माणसं, एक तान्हं बाळ घेऊन रात्री नऊला तो त्या पत्त्यावर पोचला तेव्हा तिथे एका वृद्ध जोडप्याचं राहतं घर होतं. त्या दोघांनी पाणी दिलं, बाळासाठी दूध गरम केलं आणि सांगितलं की त्या महिन्यात दारात आलेलं हे तिसरं कुटुंब. फोन अर्थातच बंद.

घाई करणारा माणूस हीच पहिली खूण. दुसरी, आसपासच्या भावाच्या निम्मा भाव. पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉल करून घर दाखवायला सांगा, फाटकापासून आतपर्यंत चालत. खरा मालक नाही म्हणत नाही. गोव्यात पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येक घराला, हॉटेलाला १९८२ च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, तो नोंदणी क्रमांक मागा. आणि शेजारच्या एखाद्या दुकानाचा नंबर शोधून चौकशी करा. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येते.

कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीने येतोय. मुलीला घाटात उलट्या होतात. कोणता घाट घ्यावा?
— कोल्हापूर

आंबोली. आजरामार्गे आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी. चोर्ला बेळगावकरांना सोयीचा, तुम्हाला वळसा. पहाटे पाचला निघा, मुलीला पोटभर दूध पाजून बसवू नका, कोरडी भाकरी-चटणी द्या आणि पुढे खिडकीबाहेर बघायला सांगा, मोबाइल हातात नको. सावंतवाडीला मोती तलावाकाठी अर्धा तास थांबा, चितार आळीतली लाकडी खेळणी बघितली की ती घाट विसरेल. टाकी पत्रादेवी ओलांडल्यावर भरा, गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं.

आम्ही दोघंच, निवृत्त. देवदर्शन, शांतता आणि स्वस्त खोली एवढंच हवं. समुद्र नसला तरी चालेल.
— सातारा

तुम्ही माझ्या फोंड्याला या. इथल्या मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळा आहेत, आवारातच पाहुण्यांच्या खोल्या. साध्या, स्वच्छ, किनाऱ्याच्या मानाने फार कमी पैशांत. देवस्थानच्या कार्यालयात आधी फोन करून विचारा, काही ठिकाणी महाजनांना, म्हणजे त्या देवस्थानच्या मानकरी कुटुंबांना, प्राधान्य असतं आणि उत्सवात एकही खोली रिकामी नसते. मंगेशीची जत्रा माघात असते, रथसप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत, त्या दिवसांत बघायला या पण राहायला फर्मागुढीला पर्यटन महामंडळाकडे विचारा.

एक सकाळ नार्व्याला जा, डिचोली तालुक्यात. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, ते पाडलं गेलं, आणि नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. साताऱ्याच्या माणसाने ते देऊळ बघायलाच हवं. अलीकडेच त्याची डागडुजी झाली आहे, २०२३ च्या फेब्रुवारीपासून पुन्हा खुलं आहे. आणखी एक दिवस असेल तर तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ. कदंबांच्या काळचं, काळ्या दगडाचं, जंगलात, ओढ्याच्या काठी. तिथे मी मुलांना पाच मिनिटं गप्प बसवायचे. नुसता ओढा ऐकू यायचा.

नवरा येऊ शकत नाही. मी, बहीण आणि आमची तीन मुलं. भाड्याने दोन स्कूटर घेऊन फिरलं तर स्वस्त पडेल ना?
— सांगली

स्वस्त पडेल, पण मी घेऊ देणार नाही. एका स्कूटरवर दोघांपेक्षा जास्त बसायचं नसतं आणि तुम्ही पाच आहात. गोव्यातले आतले रस्ते वळणांचे, बेफाम गाड्यांचे, आणि तुम्हाला ते ओळखीचे नाहीत. बसने फिरा. पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा, पणजी-वास्को अशा कदंबच्या, म्हणजे इथल्या एसटीच्या, विनाथांबा बस आहेत, खिडकीवर तिकीट काढून बसायचं. मुलांना जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला न्या. चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. बोट गाडीसकट माणसं घेऊन नदी ओलांडते आणि मुलांना परत परत बसायचं असतं. बसू द्या. वास्कोजवळ नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, तिकीट थोडकं, खरीखुरी विमानं अंगणात उभी. सोमवारी बंद असतं. बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद.

पुढेमागे कधी स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेतलीत तर नंबरपाटी काळी, अक्षरं पिवळी असली तरच घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी म्हणजे कुणाची तरी खासगी, तिला भाड्याने द्यायची परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विम्यापासून सगळं तुमच्या गळ्यात येतं.

तुम्ही सगळ्यांना या-या म्हणता. आमच्या गावात सुट्टीच्या दिवशी बस येते, रस्त्याच्या कडेला गॅस पेटवून बिर्याणी शिजते, पत्रावळ्या आणि बाटल्या आमच्या शेतात. आम्हाला ते स्वस्त पर्यटन नको आहे.
— पेडण्याची एक वाचक

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा राग मला परका नाही, माझ्या वाटेवरच्या काजूच्या बागेतही फुटक्या बाटल्या असतात आणि दरवर्षी मार्चमध्ये बोंडू वेचणाऱ्या बायकांचे पाय कापतात.

बाहेरून येणाऱ्या वाचकांनी हे वाचावं म्हणून छापते आहे. गोव्यात किनाऱ्यावर आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं, बाटल्या टाकणं यांना कायद्याने बंदी आहे आणि दंड होतो. पण दंड बाजूला ठेवा. बसमधून तांदूळ, शेगडी, पाण्याच्या बाटल्या सगळं घरून आणायचं, गावात एक रुपयाही खर्च करायचा नाही आणि कचरा मात्र गावाला ठेवून जायचं, याला मी काटकसर म्हणत नाही. चाळीस मुलांच्या सहलीत आम्ही दुपारचं जेवण गावातल्या एखाद्या बाईंकडे आधी सांगून करायचो. माणशी खर्च रस्त्यावर शिजवण्याइतकाच यायचा, फक्त आधी एक फोन करावा लागायचा. निघताना प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक कापडी पिशवी, स्वतःचा कचरा स्वतःच्या पिशवीत, ती शाळेत परत आल्यावरच रिकामी करायची. सात वर्षांच्या मुलांना ते जमत होतं.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर थंडीत समुद्री कासवं अंडी घालायला येतात. फेब्रुवारीत तिथे कुंपण घातलेली घरटी दिसतील. रात्री तिथे टॉर्च, मोबाइलचा उजेड, गाणी नकोत. उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्र सोडून उलट्या दिशेला चालतात. पेडण्याच्या ताई, तुमच्या गावातल्या कुणी आलेल्यांना हे सांगायचं ठरवलंत तर माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघं मोरजीत आहेत, त्यांना मी तुमच्याकडे पाठवते. पत्त्यासह पुन्हा लिहा.

परतताना घरी न्यायला पाचशे रुपयांत काय घ्यावं? काजू फार महाग आहेत.
— डोंबिवलीच्या त्याच आई, दुसरं पत्र

काजू थोडेच घ्या, आणि किनाऱ्यावरच्या चकचकीत दुकानातून नको, मडगावच्या बाजारातून. सुटे, सालासकट भाजलेले मागा. माणकुराद आंबा दिसेल, या दिवसांत डझनाचा भाव हजारांत असतो, नुसता वास घ्या आणि पुढे चला. जत्रा चालू असेल तर खाजें घ्या. चण्याच्या पिठाची कांडी गुळाच्या पाकात घोळवलेली, वर आलं आणि तीळ. कागदाच्या पुडीत बांधून देतात, पंधरा दिवस टिकतं, सासूबाईंच्या दातांना मात्र कडक लागेल. बाजारात भिंडां-सोलां म्हणून विचारलंत तर आमसुलं मिळतील, गेल्या वर्षीची सुकवलेली. हात लावून बघा, थोडी चिकट आणि ओलसर हवीत.

आणि गुरुवारी सकाळी पोदेराकडून दहा पोया जास्त घ्या. संध्याकाळच्या गाडीत सुक्या भाजीबरोबर रात्रीचं जेवण होईल. कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये घातल्यात तर सावंतवाडी येईपर्यंत ओल्या होतात.